तुमच्या पॅकेजात नाही

गंगावेशीत माझं दुकान, दहा बाय आठ.
शटरवर लिहिलंय : रंगीत व कृष्णधवल.
त्यातलं कृष्णधवल उन्हानं गेलं,
रंगीत तेवढं उरलंय, फिकट.

पायगोंडा मगदूम दर गुरुवारी यायचे.
घरी सेट होता, पण घरी माणसंही होती.
स्टुलावर बसून, मांडीवर वही,
सोल्डरचा धूर हातानं बाजूला सारत बघायचे :
विणकरावरचा माहितीपट, एकांकिका, बुद्धिबळाचा डाव,
कुणा निवृत्त बाईंची ठुमरी,
कर्णबधिरांच्या बातम्या, त्याही आवाज बंद करून.
आता बरोबरीनं बघतोय, म्हणायचे.
उसावरच्या किडीची चर्चा लागली
तर तिच्यावरसुद्धा सहाशे शब्द :
कीटकतज्ज्ञ कॅमेऱ्याकडं न बघता
पानाकडं बघत बोलतो, यावर.

रविवारी ते पेपरात यायचं.
बायको वाचायची, मी ऐकायचो,
आणि जे मी आधीच बघितलेलं असायचं
ते मला तेव्हा दिसायचं.

मग बाराशे शब्दांचे आठशे झाले.
आठशेचे तीनशे.
मग संपादक म्हणाला, सर, नुसते तारे द्या, पाचपैकी.
दोन आठवडे दिले.
एकदा साडेतीन दिले, आणि म्हणाले,
त्या अर्ध्यापायी रात्रभर डोळा लागला नाही.
मग ती जागा गुजरीतल्या एका पेढीनं घेतली,
पाटल्यांसाठी.

तोवर डबे पातळ झालेले, चॅनेल चारशे.
सायंकाळी सायकल घेऊन निघालो
की शुक्रवार पेठेपर्यंत
खिडकीखिडकीतून तीच सून रडायची,
तोच धाडकन आवाज, तीनदा.
फरक एवढाच, की केबलवाली सून
डिशवालीच्या अर्धा सेकंद पुढं रडायची.

दुकानात एक फळा आहे.
त्यावर माझं अक्षर : दुरुस्त सेट आठ दिवसांत न्यावेत.
एका गुरुवारी मगदूमांनी त्याखाली खडूनं लिहिलं :

काल रात्री साडेनऊला
पंचगंगेवरच्या एका नावाड्यावर अर्धा तास.
निवेदन नाही. वल्ह्याचा आवाज पुरतो.
मध्येच कुत्रं येतं. ते कापलं नाही, बरं केलं.
शेवट लांबला.

मी म्हटलं, सर, काल साडेनऊला तर
ते म्हणाले, ठाऊक आहे.

पुढच्या गुरुवारी :
चप्पल कर्रकर्र वाजावी म्हणून आत काय घालतात,
यावरच्या मालिकेचा दुसरा भाग. पहिल्याहून सैल.
त्याच्या पुढं :
खरी कॉर्नरच्या बँडवाल्याचं क्लॅरिनेट, सलग चाळीस मिनिटं.
कॅमेरा गालांवरच ठेवायला हवा होता.
नसलेल्या कार्यक्रमातही खोड काढायचे ते,
कौतुक हात राखूनच.

कट्ट्यावर दूध प्यायला आलेली माणसं
मिशीवरचा फेस पुसत वाचायला लागली.
इलाहीभाई, हे कितव्या नंबरला लागतंय ओ?
मी स्क्रू पिळत, मान खाली घालून :
तुमच्या पॅकेजात नाही.
मग वाढवून द्या की पॅकेज.
मिळत नाही, म्हणायचो, आणि
ते तरी खरंच होतं.

आता सरांचा हात कापतो.
फळ्यावरच्या ओळी उताराला लागतात,
मी खाली धरायला पट्टी देतो.

परवा एक पोरगी आली, रिमोट दुरुस्तीला,
कानात पेन्सिल, पाठीवर दप्तर.
फळ्याकडं बघून म्हणाली,
तो नावाड्याचा आम्ही बघितला.
शेवट काही लांबला नव्हता.
त्यो घराकडं वल्हवतोय, वेळ लागणारच की.

मी सरांना सांगितलं.
बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
बाहेर म्हैस उभी होती, धार काढून झालेली.
मग वही उघडली, चष्मा कपाळावरनं खाली घेतला :

नाव विचारलंस काय तिचं?