वंगण

सत्तावीस गळीत हंगाम मी मिलच्या रोलरला तेल दिलं.
बेअरिंगवर तळवा ठेवला की कळायचं
ताप किती, कुरकुर कशाची.
बायको म्हणायची, माझं लगीन तुमच्याशी लागलं
का ऑईलच्या डब्याशी?

थोरली शलाका विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकते.
परवा रंकाळ्याच्या कठड्यावर कणीस खाताना
सहज बोलावं तसं म्हणाली,
"आबा, कॅरिबियन समुद्रात एक सील होता.
वाळूवर ऊन खात पडायचा.
मानेवर वळ्या, संन्याशानं छाटी मागं सारावी तशा.
माणूस आला तरी पळायचा नाही.
मान वर करून बघायचा, कोण आलंय."

मी म्हटलं, मग?

"मग काय. तिथं उसाचे मळे होते.
चरकाला तेल लागतं."

दाणे तोंडात तसेच राहिले.

चरबी कढवून पिंपं भरली, म्हणाली.
एका रात्रीत शंभर-शंभर मारले.
एकोणीसशे बावन्न साली शेवटचा दिसला,
मग विमानं फिरली, होड्या फिरल्या,
नुसती वाळू.
त्याच्या नाकपुडीत एक बारका किडा राहायचा,
जगात दुसरं घर नसलेला.
तोही गेला, कुणी न मारता.

बावन्न साली माझा बाप गुऱ्हाळावर गुळव्या होता.
त्याच्या चरकाला एरंडेल.
माझ्या रोलरला कंपनीचं, पिंपावर शिक्का असलेलं.
म्हणजे आमचा काही संबंध नाही.
हिशेब बरोबर होता.
तळव्याला पटत नव्हता.

गगनबावडा उतरून ती देवगडला जाऊन आलेली.
मोबाईलमध्ये फोटो दाखवला:
किनाऱ्याला लागलेला डॉल्फिन,
शेपटीपाशी जाळ्याची दोरी मांसात रुतलेली,
बाभळीच्या खोडात जुनी तार रुतावी तशी.
"आता मारत कुणी नाही, आबा.
आता नुसतं अडकतं."
आणि जहाजांच्या घरघरीत
आईला पिल्लाची शीळ ऐकू जात नाही, म्हणाली.

हे मात्र मला समजावून सांगावं लागलं नाही.
माझा डावा कान कारखान्यानंच नेला.
ही पाळण्यात रडायची तेव्हा
मला फक्त ओठ दिसायचे.

यंदा मोळी टाकायला जुन्या माणसांनाही बोलावलं.
नारळ फुटला, गव्हाणीत ऊस पडला,
रोलर फिरले.
सवयीनं मी बेअरिंगवर हात ठेवला.
ऊब होती. आत काहीतरी
संथ वळत होतं, कुशीवर होत होतं.
मी हात काढला नाही.

"काय बघताय, काका?" नवा ऑईलमन ओरडला.
"काय न्हाई रं," मी म्हटलं,
"कुरकुरतंय का बघतोय."