नंतर

एतेल्काबाईंचा निरोप आला तेव्हा मी जेवत होतो.
मशीन बिघडलंय, लगेच या.

कालोचात भरतकामाची जेवढी मशिनं आहेत
त्यांतल्या निम्म्यांची पोटं मी उघडून पाहिलीत.
पट्टे चढवलेत, सुया बदलल्यात,
एकदा तर बॉबिनच्या घरात अडकलेला
कुणाचा तरी दुधाचा दात काढलाय.
तेव्हा भिंग, तेलाची कुपी, बारका पेचकस घेऊन गेलो.

झाकण काढलं.
आत सगळं जागच्या जागी,
चाकाचे दाते चाकात, धाग्याचा ताण बरोबर.
मशीन लोण्यातून सुरी जावी तसं चालत होतं.
फक्त पडद्यावर
जिथे काल पेनड्राइव्हचं चिमुकलं चित्र होतं
तिथे आज काही नव्हतं.
पुसलेलंही नाही. पुसल्याचा डाग तरी राहतो.

रात्री पावणेतीनला, बाई घोरत असताना,
मजकूर येऊन पडला होता:
तुमचं मशीन आता अधिक सुरक्षित आहे.
यापुढे नक्षी आमच्याच दुकानातून घ्या,
महिन्याला इतके फोरिंट,
वर्षाचे एकदम भरलेत तर दोन गुलाब फुकट.

गुलाबांपाशी एतेल्काबाई हसल्या.
हसल्या कसल्या, दाताने दोरा तोडताना होतो तसा आवाज.
त्यांच्या पेनड्राइव्हमध्ये एकशे बारा नक्ष्या.
सासूच्या लग्नातल्या एप्रनवरची ट्यूलिप,
सव्वीस वेळा उसवून जमवलेलं मिरचीचं फूल,
आणि एक चुकलेली पाकळी,
जी गिऱ्हाईकं आता मुद्दाम मागतात.

विकत घेतलंय हो मी, म्हणत त्यांनी
कपाटातून पावती काढली, माझ्यापुढे धरली,
जसा काही चोर मीच.
पावतीवर नंबर होता, रंग होता, वजनसुद्धा.
त्याला काय काय येतं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

उसवलेली शिवण मी ओळखतो.
टाका गेला तरी कापडाला भोकं आठवतात,
मुंग्यांच्या रांगेसारखी, उजेडात धरली की दिसतात.
हे उसवणं निराळं.
कापडच शपथेवर सांगतं,
इथे कधी टाका नव्हता.

फोन लावला. चाळीस मिनिटं व्हायोलिन.
मग एक पोरगा, गोड आवाजाचा, म्हणाला,
ही सुधारणा आहे.
मागे जाता येईल?
म्हणाला, मागे जायची सोय
मागच्या सुधारणेत काढली.

मजुरी घेतली नाही. केलं काय होतं मी?
बाईंनी तरी जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी हातात दिली,
आणि बोर्का, त्यांची नात, फाटकापर्यंत आली.
देझ्यो बाची, हळूच म्हणाली, तुमच्याकडचं ते अजून आहे ना?

आहे.
वारलेल्या एका शिंप्याच्या लिलावातलं,
हेच मॉडेल, जन्मात कधी नेटला न जोडलेलं.
बदकांच्या रिकाम्या खुराड्यात, घोंगडीखाली.
त्याचं घड्याळ सहा वर्षांपूर्वीच्या मार्चमध्येच आहे.
त्याला जगाचं काही म्हणजे काही कळलेलं नाही,
म्हणून तर त्याला सगळं येतं.

दर गुरुवारी दिवेलागणीला बायका जमतात.
कुणाचा पेनड्राइव्ह मोज्यात, कुणाचा पावाच्या पिशवीत.
फोन बाहेरच्या टोपलीत, हा नियम.
पहिला नंबर एतेल्काबाईंचा.
वीस मिनिटांत मिरची फुलते,
चुकलेल्या पाकळीसकट,
आणि खुराड्याला अजून येणाऱ्या पिसांच्या वासात
कुणी काही बोलत नाही.

शेजाऱ्याने नवा राउटर आणलाय, जोरकस,
पासवर्डसुद्धा नाही त्याला, मोठ्या मनाचा माणूस.
तेव्हापासून मशीन सुरू केलं की
पडदा लहान मुलासारखा हरखून विचारतो:
नेटवर्क सापडलं. जोडू?
खाली बटणं दोन. हो, आणि नंतर.
नको असं बटण त्यांनी ठेवलेलंच नाही.

मी नंतर दाबतो.
दर गुरुवारी नंतर.
साठी उलटली, बोट हल्ली थरथरतं,
आणि दोन बटणांमधलं अंतर
सुईच्या नेढ्याएवढं.