दर तासाला दहा वेळा

शनिवारच्या बाजारातली मासळी, बर्फाने दगड झालेली,
आणि माझी घाई.
सुरी घसरली ती डाव्या तळव्यात.
अनामिका आणि करंगळीच्या दोऱ्या तुटल्या,
लेंग्यात नाडी आत जाते ना, तशा
आत सरकून बसल्या.

स्वान्सीच्या इस्पितळात कुणीतरी त्या ओढून काढल्या, शिवल्या.
चौथ्या दिवशी कॅरिस प्रोबर्ट समोर बसली.
गरम पाण्यातून तिनं प्लॅस्टिकचा पत्रा काढला,
ओल्या पापडासारखा लवलवता,
माझ्या मनगटामागून बोटांवर बसवला,
थंड होईतो धरून ठेवला.
मग म्हणाली, आता हलवा.

मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं.
टाके ओले. बोटं वांग्यांसारखी.

"जखम आंधळी असते," ती म्हणाली,
"भरायच्या नादात हाताला लागेल ते चिकटवते.
दोरी कातडीला, दोरी नळीला, सांधा स्वतःलाच.
कुठलं जोडायचं, कुठलं मोकळं सोडायचं,
तिला कोण सांगणार?
तुम्ही सांगायचं. दर तासाला दहा वेळा."
फार ओढलं तर टाका जाईल.
नाही हलवलं तर बोट जाईल.

म्हणून बसमध्येसुद्धा.
खिडकीबाहेर ओहोटीचा उपसागर, मैलभर नुसता चिखल,
आणि मी चांगल्या हातानं आजारी बोटं मिटतो,
सोडतो, ती आपली आपण उघडतात,
पट्टीला टेकतात. एक.
समोरच्या म्हाताऱ्याला वाटलं, मी त्याला बोलावतोय.
उठून शेजारी येऊन बसला.
मम्बल्सपर्यंत आपल्या कुत्रीबद्दल बोलत राहिला.

रात्री राजापूरहून आईचा फोन.
"गळ्यात बांध हात. अजिबात हलवू नकोस."
म्हटलं, इथे उलटं सांगतात.
म्हटलं, बांधून ठेवला तर आखडतो.
पलीकडे काहीच नाही.
वाटलं, फोन कटला.

बाबा फणसावरून पडले त्या वर्षी
तिनं त्यांचा उजवा कोपर तीन महिने बांधून ठेवला.
आंबेहळद, अंड्याचा बलक, फडक्यावर फडकं.
खाज सुटली की झाडूची काडी घालून
स्वतः खाजवायची,
पण हलू दिला नाही. कुणी हसवलं तरी रागवायची.
सोडला तेव्हा काटकोनात होता.
काटकोनातच राहिला.
घास तोंडापर्यंत पोचेना.
पंगतीत बाबा कडेचं पान धरत,
भिंतीकडे वळून डाव्या हातानं जेवत,
आणि आई वाढायचं भांडं घेऊन नेमकी तिथेच उभी राही,
आडोशाला.

"त्यांचाही हलवायला हवा होता का रे?"

वीस वर्षं झाली बाबांना जाऊन.
म्हटलं, तेव्हा कुणाला माहीत होतं, आई.
डॉक्टरसुद्धा बांधूनच ठेवत.
(हे खरं की खोटं, मला ठाऊक नाही.)

नाक ओढल्याचा आवाज आला. मग,
"तुझे झाले का या तासाचे?"
चार झालेत.
"कर मग. मी मोजते."

फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला.
"पाच." अनामिका निघाली, करंगळी मागे राहिली.
"सहा." पंज्याच्या आत काहीतरी ताणलं,
ओल्या कपड्याची घडी सुटावी तसं.
"सात, आठ." "नऊ."
"दहा."

मी थांबलो. ती थांबली नाही.
"अकरा. बारा. तेरा."
अडवावंसं वाटलं, अडवलं नाही.
बत्तीस, तेहेतीस,
सुपारी फोडताना येतो तसा ठाम, सावकाश आवाज,
आणि मी, का कोण जाणे,
उजवा कोपर, जो धडधाकट आहे,
मिटत होतो, उघडत होतो,
प्रत्येक आकड्याला
हात तोंडापर्यंत नेऊन.