बारा ओळींचा नियम

नियम मीच केला होता:
आपली पाळी आली की किमान बारा ओळी,
ऱ्हस्वदीर्घ तपासून,
आणि दुसऱ्याच्या पात्राच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत.

हर्णैच्या बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीला
लाद्या मोजता मोजता
मी फोनवर आरमाराचा सरखेल व्हायचो.
माझी तलवार म्यानाबाहेर यायलाच सात ओळी लागत.

दाभोळची रुकय्या दीपगृहाची राखणदार.
तिच्या तीन ओळी. कधी अडीच.
मी परत पाठवायचो: अपुरं आहे.
"फेरीबोट धोपाव्याला लागेपर्यंतच वेळ असतो हो,"
ती म्हणायची, "पुढे दुकानात फोन चालत नाही."
मी कळवलं, नियम सगळ्यांना सारखा.

मग एकदा मी चाळीस ओळींत गलबत बुडवलं.
वादळ, डोलकाठी, फाटकं शीड, खलाशांच्या आया,
सगळं आलं.
कुणाला काही करायला शिल्लक ठेवलं नाही.
दोन दिवस कुणी पाळीच घेतली नाही.
श्रीधर बिर्जेनं नुसता अंगठा दाखवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी रुकय्याचं आलं:
"दिवा चालू होता, सरखेल.
तुम्ही वर पाहिलंत का?"

लाद्यांचा आकडा चुकला.
टेम्पोवाला बाहेरून शिव्या घालत होता,
बर्फाचं पाणी चपलेत शिरत होतं,
आणि चाळीस ओळी परत वाचल्या तरी
त्यात दीपगृह कुठेच नव्हतं.

"नाही," मी लिहिलं. "नाही पाहिलं."

तेवढंच पाठवलं,
आणि दाभोळहून बोट सुटायची वेळ
भिंतीवरच्या घड्याळात शोधत बसलो.