विनियोग

माझ्या खिडकीची काच अर्धीच सरकते.
बावीस वर्षं झाली, तीन प्राचार्य बदलले, काच तशीच.
म्हणून मुलं वाकून बोलतात माझ्याशी,
आणि चेहऱ्याच्या आधी मला
त्यांचे कागद दिसतात.

सुगंधा धोत्रेचे कागद आट्याच्या पिशवीत असायचे,
धुऊन, वाळवून, उलटी केलेल्या.
उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला,
बापाच्या अंगठ्याचं घोषणापत्र.
रहिवासाच्या पुराव्याला गाडी अडली.
दिघ्याच्या डोंगरकडेला, बंद क्रशरच्या मागे
जे घर आहे, ते कुठल्याच वहीत नाही.
"मग तुम्ही राहता कुठे?" मी विचारलं. विचारावं लागतं.
"तिथेच," ती म्हणाली.

संख्याशास्त्र, दुसरं वर्ष.
रात्री दहा ते पहाटे सहा रबाळ्याच्या गोदामात
लोकांच्या पार्सलांना चिकटपट्टी,
आणि आठ वीसच्या तासाला पहिला बाक.
पहिलाच, कारण तिथे डोळा लागला
तर सर उठवतात.
दोन विषय राहिले.
शिक्षकांच्या खोलीत कुणी म्हणालं,
अशा मुलांना झेपत नाही हो.
मी चहा घेत होते.
घेत राहिले.

दर मंगळवारी ती यायची. "आले का?"
"प्रक्रियेत आहे."
हा शब्द मी दिवसातून चाळीसदा बोलते,
चघळून चघळून त्याचा चोथा झालाय.

काळूराम वाघेचंही तेव्हा प्रक्रियेतच होतं.
येऊरहून यायचा, खाडीपूल ओलांडून.
डिसेंबरात यायचा थांबला.
मार्चात त्याच्या खात्यात पैसे पडले.
मी फोन लावला. मागे हॉटेलातल्या भांड्यांचा खणखणाट.
"परत करायचे का, मॅडम?"
त्याच्या नावापुढचा रकाना
मी अजून भरलेला नाही.

सुगंधाचे जानेवारीतच आले.
कुठलासा नवा ट्रस्ट, दाखल्याऐवजी
दोन शेजाऱ्यांच्या सह्या चालवून घेणारा.
महिना साडेसहा हजार, दहा महिने.
मला कुणी सांगितलं नाही.
एक मंगळवार गेला, दुसरा गेला,
खिडकीशी कुणी वाकलं नाही,
तेव्हा समजले.

ग्रंथालयाच्या वहीत तिची सही दिसायची,
बाहेर पडण्याची वेळ सात पन्नास.
एकदा जिन्यात हसताना ऐकली.
एवढा मोठा आवाज आहे तिचा,
मला वाटलं होतं ती हळूच बोलते.
जूनमध्ये दोन्ही विषय सुटले.
एकात अठ्ठ्याऐंशी.
शिक्षकांच्या खोलीत त्या दिवशी
मी निकालाचा कागद टेबलावर ठेवला,
चहाच्या कपाखाली,
मुद्दाम.

मग विनियोगाचा तक्ता. पैसा कुठे गेला ते लिहायचं,
मी तपासायचं, वर पाठवायचं.
शुल्क, इतके. पुस्तकं, इतकी.
कॅल्क्युलेटर, जुना, साडेचारशे.
आईची दाढ, अकराशे; खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं.
आणि 'इतर'च्या पुढे
तिच्या बारीक, तिरक्या अक्षरात एकच शब्द:
झोप.

लेखापरीक्षक कसे असतात मला ठाऊक आहे.
मी पांढऱ्या शाईची बाटली उघडली.
ब्रश शब्दावर धरला.
काचेखालून ती बघत होती.
"दुसरं काय लिहायचं होतं, मॅडम?
गोदाम सोडलं. रात्री झोपले.
सकाळी फळ्यावरचं कळलं."

ब्रशच्या टोकाला थेंब जमला,
टेबलावर पडला, वाळला.
मी झाकण लावलं.
'झोप'च्या शेजारी, कंसात, माझ्या पेनाने लिहिलं:
शैक्षणिक साहित्य.
खाली सही. मग शिक्का,
जो जरा
जोरातच बसला.