एकास चोवीस

नवं घ्यायचं तर अर्धा पगार,
वर कस्टमवाल्यांचा हिशेब निराळा.
तीन वर्षं मी नुसत्या किमती पाहिल्या,
पाम बीचवरच्या फ्लॅटचे भाव विचारावेत तशा.

मग घणसोलीहून सुलभा मढवींचा फोन:
"मॉस्किटो आहे. खोका फाटलाय. नेता का?"
म्हटलं, खाडीकाठी ते काय कमी आहेत?
त्या हसल्या नाहीत.

तिसरा मजला, लिफ्ट बंद.
पलंगाखालून खोका त्यांनी ओढला
झोपलेलं मूल कडेला सरकवावं तसा.
चौकटींतच राहिलेले शेकडो भाग,
पिवळी पडलेली चिन्हं,
डावा पंख तेवढा
जोडून, घासून, रंगवून तयार.
"ह्यांच्याच्यानं एवढंच झालं."

बाराशे म्हणाल्या.
मी, जो कोथिंबिरीलाही घासाघीस करतो,
मोजून दिले.

घरी टेप लावला. पंखांचा पसारा सत्तर सेंटिमीटर,
शोकेस साठ.
बायकोनं टीव्ही आधी पाहिला, मग मला.
"तिरकं ठेव," म्हणाली.

रात्री उजवा पंख घासायला घेतला.
डाव्यावरून बोट फिरवतोय कधीचा,
त्या माणसाचा सांधा
सापडतच नाही.

माझा दिसणार.