हातचा

पुंता आरेनासला वारा असा सुटतो
की नगरपालिका चौकात दोर बांधते,
खांबापासून खांबापर्यंत.
माणसं दोर धरून रस्ता ओलांडतात, पिशव्या छातीशी.
मीही तसाच आलो,
कोटाच्या आत टॅबलेट धरून.

माझं काम क्षुल्लक आहे.
पडद्यावर लाल ठिपका येतो, डॉक्टरनं बटण दाबायचं.
मध्ये किती वेळ गेला ते यंत्र लिहून घेतं.
मग पाच शब्द. मग शंभरातून सात, पुन्हा सात.
विद्यापीठ मला याचे पैसे देतं,
त्यांना काही देत नाही,
म्हणून मी येताना दोन एम्पानादा आणतो.

हिमेना ओयार्सुन, मेडिसिन, दुसरं वर्ष.
बुधवार, सकाळचे साडेआठ. पाळीचा पहिला तास.
चमचा, मेंढी, खिडकी, मीठ, शिडी.
पाचही तिनं परत केले, वर विचारलं, "एवढंच?"
शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी
जिना उतरावा तशी उतरली,
कठड्याला हात न लावता.

रात्री मी घरी गेलो. झोपलो.
हे इथे लिहितोय, कारण अहवालात याला रकाना नाही.

गुरुवार, बाराला दहा कमी. अठ्ठाविसावा तास.
ठिपका आला. ठिपका थांबला.
तिचे डोळे उघडेच होते, अवघड ते हेच.
उघड्या डोळ्यांमागचा दिवा कुणी मालवला
तर बाहेरून कळत नाही.
मग बटण दाबलं, ठिपका नसताना.
शंभर. त्र्याण्णव. शहाऐंशी.
"शहाऐंशी," पुन्हा म्हणाली,
बोटं मांडीवर हलली, दुसरीतल्या मुलीसारखी,
घेतलेला हातचा कुठे ठेवला ते चाचपत.

शब्द?
मीठ. चमचा. पोटॅशियम.

पोटॅशियम यादीत नव्हतं.
ते सात नंबरच्या खाटेचं होतं.
पहाटे चारला तिच्या हातून एक शून्य जास्त पडलं,
चाळीसचे चारशे झाले,
आणि एकवीस वर्षं रात्रपाळी केलेल्या रूथ मान्सियानं
तो कागद परत आणून
नुसता तिच्यासमोर धरला.
बोलली काहीच नाही.
हे हिमेनानं आपणहून सांगितलं,
एम्पानादाचा कागद घडी घालत,
उलगडत, पुन्हा घडी घालत.

पेजर वाजला. मी मागोमाग गेलो, नियमात बसत नसताना.
नऊ नंबर. डॉन एलेउतेरियो चिगुआय, वय ब्याऐंशी,
मेंढ्या कातरण्यात जन्म गेला,
ताप डोक्यात चढून रात्रभर बरळत होते.
त्यांचं भान तपासायचं होतं.
"आजोबा, कुठे आहात तुम्ही?"
"दवाखान्यात. आणखी कुठे?"
"महिना?"
"ऑगस्ट."
"वार?"
"गुरुवार."
तिनं मान हलवली, मायेनं,
आणि वारापुढे फुली मारली.

तिचा बुधवार अजून चालू होता.

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"लिहू दे तिला," हळूच म्हणाला,
"मला कुठे आज जायचंय?"

निरीक्षकानं बोलायचं नसतं.
मी म्हणालो, "डॉक्टर, गुरुवार आहे."
"हो का," ती म्हणाली,
तुमची बस गेली असं कुणी सांगावं तशी,
आणि फुली खोडत राहिली
कागदाला भोक पडलं तरी.

दोन वाजता ती सुटली.
मी तिसऱ्या मजल्यावरून बघत होतो.
वारा तोवर पडला होता,
पोरं चौकात चेंडू खेळत होती,
एक बाई हात सोडून, सिगारेट ओढत चालली होती.
हिमेना दोर धरून चालली, दोन्ही हातांनी,
खांबापर्यंत.
तिथे दोर संपतो.
ती तिथेच उभी राहिली, बराच वेळ.

मी काचेआड मनात शब्द मोजले.
चमचा, मेंढी, खिडकी, मीठ,
शिडी.
मला आठवली.
मी झोपलो होतो.